‘दोन्ही उपासाला चालतात’

केळे आणि सफरचंद यांच्यात सारखे काय, असे सात वर्षांच्या मुलीला विचारले आणि तिने ‘दोन्ही उपासाला चालतात’ असे उत्तर दिले, तर तिला किती गुण द्यावेत? बुद्धिमापन चाचण्यांतले खरे प्रश्न मानसशास्त्रज्ञ जाहीर करत नाहीत, कारण प्रश्न फुटले की चाचणी निकामी होते. म्हणून हा नमुना माझ्या पदरचा आहे. पण साम्य ओळखण्याचा असा विभाग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचण्यांत असतो आणि त्याची गुण देण्याची रीतही ठरलेली असते. ‘दोन्ही फळे आहेत’ असे वर्गाचे नाव सांगणाऱ्या उत्तराला २ गुण, ‘दोन्ही खातात’ अशा वरवरच्या साम्याला साधारणपणे १, गैरलागू उत्तराला ०. परळच्या चाळीत आजीच्या हाताखाली वाढलेल्या मुलीच्या घरात चतुर्थीला वस्तूंची विभागणी उपासाच्या निकषावरच होते, आणि ती ‘फळ’ या कल्पनेहून कमी अमूर्त आहे, असे मला तरी वाटत नाही. रताळे, शेंगदाणे, वरी आणि केळे एका बाजूला घ्यायचे व गहू-तांदूळ दुसऱ्या बाजूला ठेवायचे, तर दिसण्या-चवीच्या पलीकडचा नियम डोक्यात असावाच लागतो. गुणपत्रिकेत मात्र त्या नियमासाठी रकाना नाही.

लायबेरियातील क्पेले शेतकऱ्यांबरोबर अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या कामात हाच पेच समोर आला. अन्न, अवजारे, भांडी आणि कपडे अशा वस्तूंचे गट पाडायला सांगितले, तेव्हा शेतकऱ्यांनी सुरी आणि संत्रे यांची जोडी लावली, कारण सुरीने संत्रे कापतात. शहाणा माणूस असेच करील, असेही ते सांगत. शेवटी वैतागून ‘मग मूर्ख माणूस कसे गट पाडील?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी अन्न एकीकडे, अवजारे दुसरीकडे, असे नेमके परीक्षकाला हवे असलेले गट मांडून दाखवले. कुवत होतीच, शहाणपण कशाला म्हणायचे, याबद्दल मतभेद होता.

या चाचण्यांची सुरुवात अगदी मर्यादित हेतूने झाली. सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत कशी द्यावी, हे ठरवण्यासाठी फ्रान्सच्या शासनाने १९०४ मध्ये एक समिती नेमली आणि तिच्या कामातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची पहिली श्रेणी तयार केली. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती सुचवली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्ध्यंक लोकप्रिय केला. आज असा भागाकार कोणी करत नाही. समवयस्कांच्या मोठ्या नमुन्याची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचे माप) १५ धरून मुलाची जागा ठरवतात, म्हणजे सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. बुद्ध्यंक हे वजन-उंचीसारखे माप नसून रांगेतला क्रमांक आहे, आणि म्हणूनच रांगेत कोणाला उभे केले होते, हा प्रश्न कधीच सुटत नाही. बुद्धी जन्मजात आणि न बदलणारी आहे, या समजुतीला बिने यांनी स्वतः कडाडून विरोध केला होता. पण १९११ मध्ये ते गेले आणि त्यांची श्रेणी अटलांटिकपार वेगळ्याच हातांत पडली.

तिकडे काय झाले, हे भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे १७ लाख जणांच्या चाचण्या झाल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये असे दाखवले की, परदेशात जन्मलेल्यांपैकी जे अमेरिकेत जास्त वर्षे राहिलेले होते, त्यांचे गुण जास्त होते. अमेरिकेत राहून माणूस इंग्रजी शिकतो आणि तिथल्या वस्तू, खेळ, जाहिराती ओळखू लागतो, हा सरळ अर्थ बाजूला ठेवून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, नंतर आलेले लोक मुळातच कमी प्रतीचे होते. सात वर्षांनी, १९३० मध्ये, त्यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. तोवर अमेरिकेत स्थलांतरितांवर निर्बंध घालणारा १९२४ चा कायदा होऊन गेला होता.

मराठीत बिने यांची श्रेणी आणण्याचे श्रेय डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. तत्कालीन मुंबई इलाख्यातील मुलांसाठी त्यांनी ती कन्नड आणि मराठीत बेतली व १९४० मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे १९६९ मध्ये नागपूरहून माळीन यांनी वेक्सलरच्या बालचाचणीचे भारतीय रूप दिले. अशी चाचणी भाषांतर करून तयार होत नाही. इंग्रजीत सोपा असलेला शब्द मराठीत पुस्तकी ठरतो, पुस्तकी शब्द रोजचा निघतो, आणि सोप्याकडून कठीणाकडे जाणारा प्रश्नांचा चढ विस्कटतो. मग शेकडो मुलांवर ते प्रश्न पुन्हा वापरून नवा चढ बांधावा लागतो, यालाच प्रमाणीकरण म्हणतात. ते एकदा करून भागतही नाही. अनेक देशांत चाचण्यांतील सरासरी कामगिरी दर दशकात जवळजवळ ३ गुणांनी वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. म्हणजे जुन्या पिढीच्या रांगेत आजच्या मुलाला उभे केले, तर तो आहे त्याहून पुढे दिसतो. कामतांची चाचणी आजही आपल्याकडे वापरात आहे, हे कळल्यावर त्या कामाबद्दलचा आदर आणि थोडी काळजी अशा दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकदमच येतात.

आता मुलांच्या भाषेकडे वळू, कारण तिथे चित्र अगदी वेगळे आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी कुटुंबांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता, पण दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. म्हणजे वर्षाचे व्हायच्या आत बाळ आपल्या भाषेला नको असलेले भेद सोडून देऊ लागते. ‘टाक’ आणि ‘ताक’ यांतला फरक मराठी बाळ राखते, कारण त्याच्या घरात त्यावाचून चालत नाही. पुढे साधारण वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्दांची वाक्ये, आणि मग व्याकरणाचा लोंढा. माझी भाची तीन वर्षांची असताना ‘मी करलं’ म्हणत असे. मोठ्या माणसांच्या तोंडून तिने हे रूप ऐकलेलेच नव्हते. बसला, पडला, उठला यांतला नियम तिने स्वतः काढला आणि ‘केलं’वर लादला. ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं’ हे कर्माप्रमाणे बदलणारे क्रियापद परदेशी विद्यार्थ्यांना घाम फोडते, आणि आपली पोरे शाळेचे तोंड पाहण्याआधी ते सहज वापरतात.

व्याकरण कमवण्याच्या या कामात मुलांमुलांत जो फरक पडतो, तो बुद्ध्यंकाशी म्हणावा तसा जुळत नाही. विल्यम्स सिंड्रोम या जनुकीय स्थितीत बुद्ध्यंक बहुधा सरासरीच्या बराच खाली असतो, तरी पुष्कळ मुलांचे बोलणे त्या मानाने ओघवते असते. उलट विकासात्मक भाषा विकार असलेल्या मुलांत चित्रांची कोडी वयाप्रमाणे सुटतात, पण वाक्ये जुळत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत अशा मुलांचे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले आहे, म्हणजे पन्नासांच्या वर्गात तीन-चार.

शब्दसंग्रहाचे मात्र उलट आहे. वेक्सलरच्या चाचण्यांत एकूण बुद्ध्यंकाशी सर्वाधिक जुळणाऱ्या विभागांत शब्दार्थांचा विभाग येतो. शब्द तर्काने काढता येत नाहीत, ते कानांवर पडावे लागतात, आणि मुंबईतल्या मुलाच्या कानांवर ते तीन भाषांतून वाटून पडतात. त्याला ‘झारा’, ‘सांडशी’, ‘मामेभाऊ’ मराठीत ठाऊक असतात. ‘त्रिकोण’ नव्हे तर ‘ट्रँगल’. आणि भांडणाचा सगळा शब्दसंग्रह हिंदीत. एकाच भाषेतले शब्द मोजले, तर असे मूल शब्दांनी गरीब दिसते. द्विभाषिक मुलांच्या अभ्यासकांनी म्हणूनच दोन्ही भाषा मिळून मुलाला किती कल्पनांसाठी शब्द येतात, हे मोजायला सुरुवात केली, आणि तसे केले की एकभाषिक मुलांशी असलेले अंतर बरेचसे मिटते.

याचा पूर्वी कसा घोटाळा झाला, ते वेल्समध्ये दिसते. १९२३ मध्ये तिथल्या खेड्यांतील वेल्श-इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे गुण कमी भरले आणि दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो, असा समज पसरला. मॉन्ट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी १९६२ मध्ये कुटुंबांची आर्थिक स्थिती सारखी धरून तुलना केली, तेव्हा दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढे निघाली. पण मला सर्वांत आवडते ती १९८० मधली एलिस आणि हेनेली यांची वेल्शवरचीच नोंद. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणून दाखवण्याच्या चाचणीत वेल्श मुले इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा कमी आकडे लक्षात ठेवत, आणि कारण एवढेच निघाले की वेल्शमधले आकडे उच्चारायला जास्त वेळ लागतो. आपली तात्पुरती स्मृती साधारण दोन सेकंदांत म्हणता येईल तेवढेच धरून ठेवते. दोन्ही भाषा येणाऱ्यांना इंग्रजीत आकडे दिले, तेव्हा त्यांना वेल्शपेक्षा जास्त आकडे लक्षात राहिले.

शब्दच नकोत म्हणून १९३८ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन रेव्हन यांनी आकृत्यांच्या चाचण्या काढल्या. पण फ्लिन यांना दिसलेली वाढ सर्वांत मोठी निघाली ती अशाच चाचण्यांत. तेव्हा आकृत्याही शाळेपासून आणि काळापासून अलिप्त नाहीत.

हे सगळे मुंबईत कागदावर उतरते ते अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या वेळी. दहावीच्या परीक्षेत सवलत मिळण्यासाठी महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मुलांची तपासणी होते आणि बुद्ध्यंक त्यात कळीचा असतो: बुद्धी सरासरी किंवा वर आणि वाचन-लेखन मात्र फार मागे, अशी तफावत तिथे शोधली जाते. घरात मराठी, शाळा इंग्रजी, आणि चाचणी शाळेच्या भाषेत, असे झाले की शाब्दिक गुण खाली येतात, तफावत आकसते आणि मूल ‘मंदगती’च्या रकान्यात सरकू शकते. अनुभवी तपासनीस म्हणून शाब्दिक आणि कृतीचे (ठोकळे-चित्रे जुळवण्यासारख्या विभागांचे) गुण वेगळे वाचतात, उत्तर अडले की तोच प्रश्न घरच्या भाषेत विचारून पाहतात आणि तशी नोंद करतात. बोलायला उशीर होणाऱ्या लहान मुलाची आधी श्रवणचाचणी करतात; वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत १९८३ पासून हे काम चालते. अशा मुलांच्या आई-वडिलांना ‘घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा’ असा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. माझ्या ओळखीतल्या एका घराने तो वर्षभर पाळला. आजीला इंग्रजी येत नसल्याने नातवाशी दिवसभर बोलणारे एकमेव माणूस गप्प झाले, आणि मुलाच्या कानांवर पडणारे शब्द आणखी कमी झाले.

अहवाल हातात आला की पालकांची नजर शेवटच्या आकड्यावर जाते. त्याच्या वर चाचणीचे नाव, तिच्या मानकांचे वर्ष (म्हणजे तुलनेची रांग कधीच्या मुलांची) आणि ती कोणत्या भाषेत घेतली, हे लिहिलेले असायला हवे. भाषेची जागा कोरी असेल, तर तपासनीसांना ती भरून मागता येते.