सांता बार्बराच्या इमारती बोलू लागल्या त्याची गोष्ट
रेजिनाल्ड गॉलेज भूगोलाचे प्राध्यापक. माणूस वाट कशी लक्षात ठेवतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसवर शिकवत असताना १९८४ मध्ये त्यांची दृष्टी गेली. पुढच्याच वर्षी तिथलेच मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी अंधांना जीपीएसने वाट दाखवायची कल्पना मांडली. तेव्हा सगळे उपग्रह वर गेलेलेही नव्हते! मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लाट्झ्कीही या दोघांच्या कामात होत्या. १९९३ मध्ये यंत्रणा कॅम्पसवर चालवून दाखवली गेली.

यंत्रणा कसली, पाठीवर बांधलेला संसारच तो. सॅकमध्ये संगणक, कानाला हेडफोन, हेडफोनवर होकायंत्र. खरी करामत आवाजात होती. इमारतीचे नाव, ती इमारत ज्या बाजूला असेल तिथूनच आल्यासारखे ऐकू येई; मान वळवली तरी आवाज जागचा हलत नसे. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ अशा सूचनांपेक्षा हा प्रकार चाचण्यांत सरस ठरला. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ मधल्या साउंडस्केप अॅपची युक्तीही हीच. हेडफोनने भोवतालचे आवाज दबतात ही अडचण होतीच, आणि पांढरी काठी काही सुटली नाही. समोरचा खांब उपग्रहाला कुठून दिसणार?

शिवाय अमेरिकी सरकार तेव्हा नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक ठेवत असे. शंभरेक मीटरची चूक म्हणजे भलत्याच इमारतीचे दार. ती भरून काढायला दुरुस्तीचे वेगळे संकेत घ्यावे लागत. मे २००० मध्ये हा अडसर निघाला आणि पुढे सॅकमधला पसारा खिशात मावू लागला.

नकाशाचे काम मात्र तितके सोपे झाले नाही, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. कॅम्पसच्या साध्या नकाशात इमारती असतात. पायऱ्या, दारे, सायकलींची वाट कुठे पायवाटेला छेदते, हे नसते. सांता बार्बरात सायकलींच्या स्वतंत्र वाटांचे जाळे असल्याने तेही महत्त्वाचे. या चमूला कॅम्पसचा तपशीलवार डिजिटल नकाशा हाताशी ठेवूनच काम करावे लागले.

व्हीलचेअरवाल्यांचा प्रश्न आणखी वेगळा: वाट कळते, पण चढते का? वॉशिंग्टन विद्यापीठात २०१४ मध्ये सुरू झालेल्या टास्कर सेंटर या सुगम तंत्रज्ञानाच्या केंद्राने सिएटलसारख्या चढउतारांच्या शहरासाठी ‘अॅक्सेसमॅप’ हा वाट शोधून देणारा नकाशा काढला. आपल्याला किती चढ झेपतो, किती उतार चालतो, हे त्यात वापरणाऱ्याने स्वतः ठरवायचे. पदपथाच्या कडेला रॅम्प नसेल तर ती वाट टाळायची सोयही आहे. साहजिकच त्याच दोन ठिकाणांमध्ये जाण्यासाठी दोघांना दोन वेगळे रस्ते मिळू शकतात.