वंगण उतरवणारे द्रव : घरगुती दुरुस्तीतल्या एका निवडीची पार्श्वभूमी

मराठीत केरोसिनला दोन नावे आहेत आणि दोन्ही इंग्रजी शब्दांची घासून गुळगुळीत झालेली रूपे आहेत. ‘रॉकेल’ म्हणजे खडकातून निघालेले तेल, ‘रॉक ऑइल’. आणि ‘घासलेट’ म्हणजे ‘गॅसलाइट’. दोन्ही नावे दिव्याच्या काळातली आहेत. चिमणी, कंदील आणि पुढे स्टोव्ह यांच्यासाठी घरात आलेले हे तेल सायकलची साखळी, स्कूटरचे स्प्रॉकेट आणि मोटारीचे बेअरिंग धुण्यासाठी वापरले जाऊ लागले, ते कोणी तसे ठरवले म्हणून नव्हे. ते घरात होते, स्वस्त होते आणि ग्रीस उतरवत होते. घरच्या घरी गाडीचे सुटे भाग स्वच्छ करताना कोणते द्रावक, म्हणजे ग्रीस विरघळवणारा द्रव, वापरावे, हा प्रश्न आज विचारला जातो तेव्हा त्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास असतो. त्या इतिहासात जे द्रव सर्वांत उत्तम साफ करत होते, तेच बहुधा माणसाला सर्वांत महाग पडले.

आधी ग्रीस म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. ग्रीस हे नुसते घट्ट तेल नसते. त्यात खनिज तेल असते आणि त्याला धरून ठेवणारा साबण असतो. जुन्या ग्रीसमध्ये तो चुन्याचा म्हणजे कॅल्शियमचा असे, तर १९४० च्या दशकापासून लिथियमच्या साबणाचे ग्रीस वापरात आले आणि आज मोटारींमध्ये तेच सर्वाधिक आढळते. स्वयंपाकघरातील तुपातेलाची भांडी राखेने निघतात, कारण राखेतील अल्कली त्या तेलाच्या काही भागाचा साबण करते. खनिज तेलाचा असा साबण होत नाही. म्हणून भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पुरेशी ठरलेली राख आणि रिठा गिअरच्या काळ्या थरापुढे हतबल होतात. खनिज तेल विरघळवायचे तर त्याच्याच कुळातला, पण अधिक पातळ द्रव हवा.

हा पातळ द्रव मोटारीच्या आधीच बाजारात होता. कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ अब्राहम गेस्नर यांनी १८४० च्या दशकात कोळसा आणि डांबरसदृश खनिजांपासून दिव्याचे तेल काढले आणि मेणासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला केरोसिन हे नाव दिले. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागल्यावर हेच केरोसिन खनिज तेलापासून स्वस्तात मिळू लागले. तेल शुद्ध करताना त्याच्याआधी एक फार हलका, चटकन उडून जाणारा भाग निघे. दिव्यात तो घातला तर दिवा पेटण्याऐवजी भडकत असे. त्याला इंधन म्हणून गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तो कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी विकला जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ यांनी मानहाइमहून फोर्त्सहाइमला सुमारे शंभर किलोमीटर मोटार चालवत नेली, तेव्हा वाटेत विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी ‘लिग्रोइन’ नावाचे इंधन विकत घेतले. मोटारीला पेट्रोल म्हणून जे मिळाले, ते डाग काढण्यासाठीही विकले जाणारे द्रावक होते. पेट्रोलने भाग धुण्याची सवय मोटारीच्या जन्माइतकीच जुनी आहे, ती यामुळे.

या हलक्या द्रवांचा धोका त्या वेळी अज्ञात नव्हता. कोळशाच्या डांबरापासून बेंझीन हा हलका, ज्वालाग्राही द्रव वेगळा करण्याची पद्धत बसवणारे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मॅन्सफील्ड यांचा १८५५ मध्ये ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातील नाफ्था हा हलका द्रव पेटल्याने भाजून मृत्यू झाला. पुढची साठ-सत्तर वर्षे कपडे धुणारी ‘ड्राय क्लीनिंग’ची दुकाने पेट्रोलसारख्याच द्रवांवर चालली आणि तिथे आगी लागत राहिल्या. अखेर १९२४ मध्ये अटलांटाचे एक ड्रायक्लीनर डब्ल्यू. जे. स्टॉडर्ड आणि मेलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे लॉइड जॅक्सन यांनी अधिक जड, सहज न पेटणाऱ्या पेट्रोलियम द्रावकाचा नमुना ठरवला. त्याला ‘स्टॉडर्ड सॉल्व्हंट’ असे नाव पडले. त्याची मुख्य अट अशी होती की, त्याचा फ्लॅश पॉइंट १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या खाली असता कामा नये. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर साचलेली वाफ ठिणगी लागताच पेट घेऊ शकते ते तापमान. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात रंग पातळ करण्यासाठी मिळणारे मिनरल टर्पेंटाइन त्याच वंशातले आहे. गॅरेजमधील भाग धुण्याच्या टाक्यांतही पुढे हाच वर्ग वापरात आला.

द्रावकांच्या या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा फ्लॅश पॉइंटचा आकडा, आणि त्याचा अर्थ आपल्या हवामानात निराळा होतो हे फार थोड्या वेळा सांगितले जाते. भारतातील १९३४ चा पेट्रोलियम कायदा द्रवांचे वर्ग याच आधारावर पाडतो: २३ अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेले ‘अ’ वर्गात आणि २३ ते ६५ अंशांमधले ‘ब’ वर्गात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे चाळीस अंश असतो. म्हणजे महाबळेश्वरच्या हिवाळ्यातही उघड्या थाळीतले पेट्रोल पेटण्याच्या तयारीतच असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती फरशीवरून सरकत देवघरातल्या निरांजनापर्यंत किंवा गॅस गीझरच्या ज्योतीपर्यंत जाऊ शकते. केरोसिनसाठी भारतीय मानकाने ठरवलेली किमान मर्यादा ३५ अंश आहे. पुण्यातल्या डिसेंबरमध्ये ती पुरेशी सुरक्षित वाटेल. पण चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात दुपारी सावलीतले तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. ‘रॉकेल सहसा पेटत नाही’ हा थंड दिवसांतला अनुभव विदर्भातल्या उन्हाळ्यात लागू होत नाही. तिथे हे काम पहाटेचे आहे आणि मोकळ्या हवेतले आहे.

आगीच्या याच भीतीने द्रावकांचा दुसरा, अधिक दुःखद अध्याय सुरू झाला. न पेटणारे आणि तरीही ग्रीस चटकन विरघळवणारे द्रव हवे होते, आणि क्लोरीन असलेल्या संयुगांत ते सापडले. कार्बन टेट्राक्लोराइड इतके न पेटणारे होते की ते छोट्या अग्निशामकांतही भरले जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते डाग काढणारे ‘सुरक्षित’ द्रव म्हणून घराघरांत पोहोचले. ते यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करते, मद्यपान करणाऱ्याला त्याची बाधा अधिक होते आणि तापलेल्या धातूवर त्याची वाफ गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, हे हळूहळू लक्षात आले. अमेरिकेत १९७० मध्ये घरगुती वस्तूंमधील त्याच्या वापरावर बंदी आली.

कारखान्यांत त्याची जागा ट्रायक्लोरोइथिलिनने आधीच घेतली होती. त्याची पद्धत मोठी कल्पक होती. टाकीच्या तळाशी द्रावक उकळायचे, ते साधारण ८७ अंशांना उकळते, आणि थंड भाग त्या वाफेत टांगायचा. वाफ भागावर निवून थेंबांच्या रूपाने खाली ओघळते, जाताना ग्रीस नेते, आणि भाग कोरडा बाहेर येतो. एकदा वापरलेले मळके द्रावक भागाला पुन्हा लागतच नाही. केवळ स्वच्छतेच्या दृष्टीने याहून चांगली रीत सापडणे कठीण. पण या द्रावकाने कामगारांच्या शरीरात आणि कारखान्यांखालच्या भूजलात जे केले ते अनेक दशके मोजले जात राहिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. दरम्यान ओझोन थराचा प्रश्न उभा राहिला होता. हा थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल करारात १९९० च्या लंडन दुरुस्तीने कार्बन टेट्राक्लोराइड आणि १,१,१-ट्रायक्लोरोइथेन यांचा समावेश झाला. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला आणि १ जानेवारी २०१० पासून रासायनिक कच्च्या मालासारखे अपवाद वगळता कार्बन टेट्राक्लोराइडचा वापर येथे थांबला.

क्लोरीनला पर्याय शोधताना पुन्हा एक चूक झाली, आणि तिची झळ थेट वाहनदुरुस्ती करणाऱ्यांना लागली. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांमध्ये हेक्झेन आणि अ‍ॅसिटोन यांचे मिश्रण येऊ लागले. कॅलिफोर्नियातील काही मेकॅनिकांच्या हातापायांना बधिरता आणि अशक्तपणा आला, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्यांची नोंद प्रसिद्ध केली. खरे तर हेक्झेनमुळे मज्जातंतू निकामी होतात हे इटली आणि जपानमधील चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांवरून त्यापूर्वी काही दशके माहीत झालेले होते. एका धंद्यातला धडा दुसऱ्या धंद्यापर्यंत पोहोचायला इतका वेळ लागावा, याचे वाईट वाटते. कारण बाधा होणारी माणसे दोन्हीकडे सारखीच होती: हातात चिंधी घेऊन दिवसभर वाकून काम करणारी.

द्रावकाची ताकद मोजण्यासाठी उद्योगात ‘कौरी-ब्युटेनॉल’ नावाचा आकडा वापरतात. न्यूझीलंडच्या कौरी वृक्षाचा डिंक ब्युटेनॉलमध्ये विरघळवून, किती द्रावक मिसळल्यावर तो गढूळ होतो त्यावरून तो काढला जातो. केरोसिन आणि मिनरल टर्पेंटाइन या मापात साधारण तिसाच्या घरात येतात, तर ट्रायक्लोरोइथिलिन शंभराच्या बरेच वर. संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनिन या दोहोंच्या मधले आहे, आणि माँट्रियल करारानंतर त्याला मागणी वाढली ती यामुळेच. मात्र तेही पेटणारे आहे आणि हवेत जुने झाले की त्वचेला खाज आणते. घरगुती कामासाठी मोठा आकडा लागतच नाही. घरात कारखान्यातली घाई नसते. भाग रात्रभर भिजत ठेवता येतो, आणि वेळ आणि ब्रश मिळून दुबळ्या द्रावकाची उणीव भरून काढतात.

आपल्याकडे मात्र निवडीचा इतिहास रसायनापेक्षा रेशन कार्डाने अधिक घडवला. शिधावाटप दुकानातील निळे रॉकेल स्वयंपाक आणि उजेड यांसाठीच वापरावे, असे १९९३ च्या केंद्रीय आदेशाने स्पष्ट केले होते. भाग धुणे त्यात बसत नव्हते, तरी अनेक घरांत ते होत असे. २०१६ पासून एकीकडे उज्ज्वला योजनेतून गॅस पोहोचू लागला आणि दुसरीकडे रॉकेलचे अनुदान टप्प्याटप्प्याने संपवले गेले. रॉकेल दुर्मीळ झाल्यावर अनेक गॅरेजांनी डिझेल धरले. डिझेल ग्रीस उतरवते, पण भागावर तेलकट थर ठेवून जाते आणि हाताचा वास लवकर जात नाही. काहींनी पेट्रोल धरले, आणि ही निवड सर्वांत वाईट आहे. फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिशाचे पेट्रोल मिळत होते आणि त्यातील टेट्राइथाइल लेड हे संयुग त्वचेतून शरीरात शिरते. आजच्या पेट्रोलमध्ये शिसे नाही, पण एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालते आणि बेंझीन रक्ताच्या कर्करोगाचे ज्ञात कारण आहे. बशीत पेट्रोल घेऊन उघड्या हातांनी कार्बोरेटर धुणारे जुने मिस्त्री आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. त्यांचे कौशल्य शिकण्याजोगे होते, पण ती सवय उचलण्याजोगी नव्हती.

गाडीसुद्धा या काळात बदलली आणि जुनी उत्तरे तिला लागू पडेनाशी झाली. ओतीव लोखंडाचे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळून निघत. अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्याच पाण्यात टाकला तर कॉस्टिक धातूच खाऊ लागतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. ब्रेकच्या रबरी सिलांना ब्रेक ऑइल चालते, पण केरोसिन किंवा डिझेल लागले तर त्या फुगतात. म्हणून ब्रेकचे भाग अशा खनिज तेलांपासून कायमचे वेगळे ठेवावे लागतात. मोटारसायकलच्या सीलबंद साखळीला केरोसिन सहसा सोसते, पण पेट्रोल तिच्यातल्या रबरी रिंगा कडक करून आतले ग्रीस बाहेर काढू शकते, आणि ते परत भरता येत नाही.

या सर्व वळणांनंतर घरगुती कामासाठी शिल्लक राहिलेली रीत जवळजवळ जुनीच आहे. जाड थर आधी लाकडी पट्टीने खरवडून कागदात घ्यायचा, मग मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर, नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे घालून केरोसिन किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भाग भिजवून ब्रशने घासायचा, आणि शेवटी डिटर्जंटच्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढून लगेच कोरडा करून तेलाचा हलका हात फिरवायचा, कारण उघड्या पोलादावर पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो. मळके केरोसिन गटारात ओतायचे नाही. झाकणाच्या बरणीत ते आठवडाभर उभे ठेवले की काळा गाळ तळाशी बसतो, आणि वरचे बऱ्यापैकी निवळलेले केरोसिन पुढच्या वेळच्या पहिल्या धुण्यासाठी वापरता येते. नवे फक्त शेवटच्या विसळण्यापुरते लागते.