तुमच्या पिशवीतल्या तांदळाचं कुळ

"कोलमचा भात मोकळा होतो, मग तुमच्या इंद्रायणीचा गिच्च का?" ही तक्रार आम्हाला नेहमी ऐकू येते. तांदूळ बिघडलेला नसतो, त्याचा वाणच तसा असतो. दाण्यातल्या पिष्टात अमायलोज नावाचा घटक जास्त असला की भात मोकळा होतो, कमी असला की चिकट. हे प्रमाण मुख्यतः जनुकांवर ठरतं. म्हणून मसालेभाताला कोलम न्या, मऊ वरणभाताला इंद्रायणी. नव्या इंद्रायणीला पाणी मात्र हात राखूनच घाला.

इंद्रायणीचं कुळ मोठं गमतीचं आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आलेला हा वाण म्हणजे आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांचा संकर. आयआर 8 हा 1966 साली फिलिपिन्समध्ये पुढे आला. त्याच्यामागे इंडोनेशियाचा उंच 'पेटा' आणि तैवानचा बुटका 'डी-जिओ-वू-जेन'. म्हणजे मावळच्या भाताचे आजोबा तैवानचे!

खरा आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि उताराही कमी देतो. त्याच्या आणि इंद्रायणीच्या किमतीतला फरक बराचसा तिथूनच येतो. (त्याच नावाने बाजारात विकला जाणारा पुष्कळ तांदूळ मुळशी-मावळाच्या वाटेलाही गेलेला नसतो. फार स्वस्त मिळाला, तर गाव विचारा.)

वासाचं म्हणाल, तर बहुतेक सुवासिक जातींत तो एक जनुक बिघडल्यामुळे येतो. ते जनुक नीट चाललं तर सुगंधी द्रव्य दाण्यात साचतच नाही. बिघाड झाला आणि माणसांनी तोच जपला! बासमतीही याच बिघाडाचा लाभार्थी. त्याचा लांब दाणा पाहून वाटणार नाही, पण जनुकं तपासली तर तो आपल्याकडच्या नेहमीच्या इंडिका भातांपेक्षा जपानकडच्या जॅपोनिका गटाला जवळचा निघतो.

जागेप्रमाणे भात किती बदलतो, हे पाहायला किनाऱ्यावर जावं. गोव्याच्या खाजणांतला कोरगुट आणि रायगडच्या खारजमिनीतला काळा राता, हे दोन्ही खारं पाणी सोसतात. आंबेमोहोर तिथे लावला तर तग धरणार नाही.

राता आमच्याकडे दिवाळीनंतर येतो, तोही थोडाच. हवा असेल तर आधी सांगून ठेवा.