एकच आजार, निरनिराळे उपचार: डॉक्टरांच्या निर्णयांतील अकारण तफावतीची पार्श्वभूमी

अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्क शहरातील शाळांमध्ये केलेली एक पाहणी १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. अकरा वर्षांच्या १,००० मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि त्यांपैकी १७४ जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. ज्यांना गरज नाही असे ठरले होते, ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, तेव्हा त्यांतल्या ९९ जणांचे टॉन्सिल काढावेत असे मत पडले. त्यातूनही सुटलेली ११६ मुले पुन्हा नव्या डॉक्टरांपुढे गेली आणि आणखी ५१ जणांच्या वाट्याला तोच सल्ला आला. म्हणजे मुले बदलली, निरोगी ठरलेली मुलेच पुढे येत गेली, तरी शेकडा ४५च्या आसपास शस्त्रक्रिया सुचवण्याचे प्रमाण काही हलले नाही. आजार मुलांच्या घशात किती होता आणि डॉक्टरांच्या अपेक्षेत किती, हा प्रश्न इतक्या उघडपणे याआधी क्वचितच समोर आला असेल.

चार वर्षांनी इंग्लंडमध्ये जे. ॲलिसन ग्लोव्हर या डॉक्टरांनी शालेय आरोग्य सेवेच्या नोंदी पडताळल्या. शेजारशेजारच्या भागांत टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे होते आणि हवामान, गरिबी किंवा घरांची दाटी यांपैकी कशानेही त्याचा उलगडा होत नव्हता. लंडनजवळच्या हॉर्न्सी या उपनगरात १९२८ मध्ये अशा १८६ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तर १९२९ मध्ये फक्त १२. मधल्या काळात तिथे शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले होते, एवढेच. शस्त्रक्रिया घटल्याने मुलांचे काही बिघडल्याचेही दिसले नाही. त्या काळी या शस्त्रक्रियेत दरवर्षी काही मुले दगावत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते.

ग्लोव्हर यांचे काम पुढे बराच काळ मागे पडले. त्याला नवे बळ मिळाले ते अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात. जॉन वेनबर्ग हे डॉक्टर १९६७ मध्ये तिथे आले, ते दुर्गम भागांत आधुनिक उपचार कुठे कमी पडतात हे शोधण्यासाठी. ॲलन गिटलसोन या संख्याशास्त्रज्ञाच्या साथीने त्यांनी गावोगावच्या रुग्णालयांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यातून चित्र निघाले ते वेगळेच. राज्यातील १३ रुग्णालय-क्षेत्रांची, म्हणजे एकेका रुग्णालयाकडे जाणाऱ्या लोकांच्या परिसरांची, तुलना केली तेव्हा टॉन्सिल काढण्याचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे १३ पासून १५१ पर्यंत पसरलेले आढळले. हा निबंध १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला.

वेनबर्ग तिथेच थांबले नाहीत, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. हे आकडे त्या त्या भागातील डॉक्टरांपुढे ठेवण्यात आले. सर्वाधिक प्रमाण असलेल्या भागातील डॉक्टरांनी स्वतःच्या निर्णयांची फेरतपासणी सुरू केली आणि तिथल्या शस्त्रक्रिया झपाट्याने उतरल्या. आपण इतरांपेक्षा वेगळे वागतो आहोत याची त्या डॉक्टरांना तोवर कल्पनाच नव्हती. प्रत्येकाला आपली रीत हीच सर्वसाधारण रीत वाटत होती. तफावतीच्या मुळाशी दर वेळी पैशाचा लोभच असतो असे मानणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये.

मात्र सगळी तफावत वाईट नसते. रुग्णाचे वय, त्याचे इतर आजार, त्याची स्वतःची इच्छा यांमुळे उपचार वेगळे व्हायलाच हवेत. म्हणून पुढच्या काळात या विषयाचा रोख एका कठीण प्रश्नाकडे वळला: रुग्णामुळे येणारा फरक राखायचा आणि डॉक्टरच्या सवयीमुळे येणारा फरक घालवायचा, हे जमवायचे कसे?

याचे एक उत्तर सॉल्ट लेक सिटीतील एलडीएस हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात सापडले, तेही वेगळ्याच कामातून. ॲलन मॉरिस आणि त्यांचे सहकारी फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णांसाठी रक्तातील कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर काढण्याच्या एका पद्धतीची चाचणी करणार होते. तुलनेच्या गटातील रुग्णांना नेहमीचे व्हेंटिलेटर उपचार एकसारखे मिळणे आवश्यक होते आणि ते तसे मिळत नाहीत, हीच पहिली अडचण ठरली. तेव्हा व्हेंटिलेटरवर प्राणवायूचे प्रमाण व दाब केव्हा किती बदलायचा याची सविस्तर कार्यपद्धती ठरवून ती संगणकावर घेण्यात आली. खाटेजवळच्या डॉक्टरला एखादी सूचना रुग्णासाठी अयोग्य वाटली, तर ती नाकारण्याची मुभा त्याला होती. अशा नकारांचा अभ्यास करून कार्यपद्धतीच सुधारली जाई. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ४० रुग्णांच्या त्या चाचणीत कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याच्या नव्या पद्धतीचा लाभ दिसला नाही, पण नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातले ४२ टक्के रुग्ण जगले होते आणि हे प्रमाण पूर्वानुभवावरून अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या सुमारे चौपट होते. जुन्या नोंदींशी केलेली तुलना हा पक्का पुरावा नव्हे, तरीही नाकारण्याचा अधिकार राखून ठरवलेल्या शिस्तीने रुग्णाचे नुकसान होत नाही, एवढे तरी त्यातून दिसले.

भारतात हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो तो प्रसूतीत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के. दोन्हीकडे येणाऱ्या स्त्रिया सारख्या नसतात, त्यामुळे या अंतरातला अकारण भाग किती हे केवळ या दोन आकड्यांवरून ठरवता येत नाही. शिवाय घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणातून जिल्ह्याचे प्रमाण कळते, अमुक एका रुग्णालयाचे कळत नाही. त्यासाठी मायकेल रॉबसन या प्रसूतितज्ज्ञांनी २००१ मध्ये मांडलेली दहा गटांची वर्गवारी उपयोगी पडते आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये तिची शिफारस केली आहे. पहिलटकरीण, पोटात एकच बाळ, डोके खाली, ३७ आठवडे पूर्ण आणि कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा स्त्रियांचा पहिला गट. आधी सिझेरियन झालेल्यांचा पाचवा. एखाद्या प्रसूतिगृहात याच पहिल्या गटातील सिझेरियनचे प्रमाण शेजारच्या प्रसूतिगृहाच्या दुप्पट निघाले, तर तिथल्या डॉक्टरांना ‘आमच्याकडे गुंतागुंतीच्याच केसेस येतात’ असे सांगता येत नाही.