शेरशाहने जीटी रोड ‘बांधला’?

दिल्लीहून अटारी सीमेकडे, म्हणजे पानिपत-कर्नाल-अंबाला मार्गे जीटी रोडने (ग्रँड ट्रंक रोडने) जाताना कुणीतरी सांगतंच: “हा रस्ता शेरशाह सुरीने बांधला, कलकत्ता ते पेशावर!” शाळेपासून ऐकलेलं वाक्य, पण तसं नाही.

शेरशाहला दिल्लीची गादी मिळाली १५४० साली आणि १५४५ मध्ये तो कालिंजरला दारूगोळ्याच्या स्फोटात गेला. पाच वर्षांत एवढा रस्ता शून्यातून? हा मार्ग ‘उत्तरापथ’ या नावाने मौर्यांच्या काळातही वाहता होता. शेरशाहने तो दुरुस्त केला, वाढवला, कडेला झाडं लावली, सराया बांधल्या. हेही थोडं नव्हे. बाकी त्याचं पूर्वेचं टोक बंगालमधलं सोनारगाव. कलकत्ता इंग्रजांनी वसवलं तेच १६९० च्या सुमारास!

कोसमिनारही (दर कोसावर अंतर दाखवणारे मनोरे) सरसकट त्याच्या नावावर खपतात. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक उभा आहे, जाऊन पाहा: विटांचा, चुन्याचा गिलावा, खाली अष्टकोनी, वर गोल. असे आज दिसणारे बहुतेक मिनार मुघलांचे. जहांगीरने १६१९ मध्ये आग्रा ते लाहोर ते उभारायला लावले.

आणि खडी? ती इंग्रजांची, एकोणिसाव्या शतकातली. १७६१ मध्ये भाऊसाहेबांची फौज पानिपतला याच वाटेवर अडकली, तेव्हा ती मातीचीच होती.