ब्लड कल्चर: रिपोर्ट तासाभरात, औषध कधी बदलणार?

सेप्सिसच्या (संसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णाला पहिलं अँटिबायोटिक अंदाजानेच द्यावं लागतं. रक्तात नेमका कोणता जंतू आहे, हे ब्लड कल्चर सांगतं. पण जुन्या पद्धतीत रक्त भरलेली बाटली पॉझिटिव्ह झाल्यावर (म्हणजे तिच्यात जंतू वाढल्याचं यंत्राने दाखवल्यावर) जंतू पुन्हा प्लेटवर वाढवायचा, ओळखायचा, मग त्यावर औषधं तपासायची. यात आणखी दोन दिवस सहज जातात. मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनेल (एकाच वेळी अनेक जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) त्याच बाटलीतल्या थोड्याशा द्रवावरून साधारण तासाभरात जंतूचं नाव आणि जंतूला औषधाला दाद न देऊ देणारी काही जनुकं सांगतं.

मात्र आधी बाटली पॉझिटिव्ह व्हायला हवी, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. प्रौढ रुग्णाच्या एक मिली रक्तात कित्येकदा एकही जंतू सापडत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त, दोन वेगळ्या जागांहून किमान दोन संच (एका संचात सहसा दोन बाटल्या), आणि शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. तीन मिलीवर भागवलं तर पुढचं महागडं पॅनेल लावायची वेळच येत नाही. त्वचेला लावलेलं क्लोरहेक्सिडिन पूर्ण वाळू द्यावं, बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसावं. नाहीतर कातडीवर राहणारा, सहसा निरुपद्रवी स्टॅफिलोकोकस जंतू आत उतरतो. पॅनेल त्याचंही नाव तितक्याच तत्परतेने सांगतं आणि रुग्णाला विनाकारण व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू होतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. लगेच लॅबमध्ये पाठवावी.

पॅनेलच्या रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस (याच कुळातला जास्त घातक जंतू) आहे पण मेक-ए (सेफाझोलिनसारख्या औषधांना दाद न देणारं) जनुक नाही, असं आलं तर व्हँकोमायसिन सोडून सेफाझोलिनवर यावं. या जंतूवर तेच सरस. क्लेब्सिएला या जंतूत एनडीएम (मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं जनुक) दिसलं तर मेरोपेनेमच्या भरवशावर राहू नये. उलट बाजूने मात्र जपून: जनुक दिसलं नाही म्हणजे औषध चालेलच, असं नाही. पॅनेलला फक्त यादीतलीच जनुकं दिसतात. त्यामुळे नेहमीची सेन्सिटिव्हिटी (वाढवलेल्या जंतूवर औषधं तपासणं) लावावीच लागते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या एका अभ्यासात ६१७ रुग्ण होते. पीसीआरमुळे जंतूची ओळख सुमारे २२ तासांवरून सव्वा तासावर आली. तरीही अँटिबायोटिक आटोपशीर करायला (गरजेपेक्षा व्यापक औषध थांबवून नेमक्यावर यायला) नेहमीच्या पद्धतीत ३४ तास लागले, तर नुसत्या पीसीआरने ३८. रिपोर्टसोबत तज्ज्ञांचा सल्लाही थेट डॉक्टरांपर्यंत पोचला, तेव्हा ते २१ तासांवर आलं. म्हणून रात्री दोनला बाटली पॉझिटिव्ह झाली तर पॅनेल तेव्हाच लागलं पाहिजे, आणि फोन औषध बदलू शकणाऱ्या डॉक्टरलाच गेला पाहिजे: जंतू कोणता, जनुक कोणतं, किती संचांपैकी किती पॉझिटिव्ह आणि आता कोणतं औषध द्यायचं.