स्मार्टफोनवरून रंगमंचीय प्रकाशनियंत्रण

नाटक, नृत्य किंवा संगीताच्या कार्यक्रमातील दिवे ज्या कन्सोलवरून चालवले जातात, त्या कन्सोलशी वाय-फायने फोन जोडून त्याला दुरून हुकूम देण्याची ही पद्धत आहे. फोन आला म्हणून कन्सोल हटत नाही. दिव्यांच्या पातळ्या, क्यू (एखाद्या क्षणासाठी साठवून ठेवलेली प्रकाशरचना), फेडचा म्हणजे उजेड हळूहळू बदलण्याचा वेळ हे सारे कन्सोलमध्येच राहते आणि फोनच्या पडद्यावर त्याची मोजकी बटणे तेवढी येतात. ‘वायरलेस डीएमएक्स’ ही वेगळी गोष्ट आहे (डीएमएक्स म्हणजे कन्सोलकडून दिव्यांना जाणारा संकेत). त्यात कन्सोल आणि दिवे यांच्यामधली केबल काढून तिथे रेडिओ ट्रान्समीटर व रिसीव्हर बसवतात. स्वीडनमधील लुमेनरेडिओ ही कंपनी अशी उपकरणे बनवते. बाजारात दोन्ही गोष्टी ‘वायरलेस लाइट कंट्रोल’ याच नावाने खपवल्या जातात. त्यामुळे फोकसिंगसाठी, म्हणजे दिव्यांचे झोत नेमक्या जागी वळवताना, रिमोट हवा असलेला माणूस रेडिओ रिसीव्हर घेऊन घरी येऊ शकतो.

फोकसिंगची गरज

दिवे बारवर टांगून झाले की एकेक दिवा पेटवून त्याचा झोत नेमक्या जागी वळवावा लागतो. एक जण शिडीवर दिव्यापाशी असतो, प्रकाशयोजनाकार नटाच्या जागी उभा राहून तोंडावर उजेड घेत असतो आणि तिसरा प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला केबिनमध्ये बोर्डवर म्हणजे कन्सोलवर बसलेला असतो. मग ‘बारा दे’, ‘बारा काढ, तेरा दे’, ‘तेरा नाही रे, तेवीस पेटलाय’ असा आरडाओरडा चालतो. त्याच वेळी नेपथ्याची ठोकाठोक सुरू असेल तर तोही केबिनपर्यंत पोहोचत नाही. मोठ्या कन्सोलना यासाठी लांब केबलने किंवा रेडिओने जोडलेला छोटा कीपॅड मिळत असे, पण तो वेगळा विकत घ्यावा लागे. २००८ मध्ये आयफोनचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत ते काम खिशातल्या फोनकडे आले.

आता प्रकाशयोजनाकार मंचावरूनच चॅनलचा, म्हणजे दिव्याला दिलेल्या क्रमांकाचा, आकडा टाइप करतो, ‘फुल’ दाबतो आणि दिवा लागतो. पुढच्या चॅनलचे बटण दाबत गेले की आधीचा विझतो, पुढचा पेटतो. तिसरा माणूस मोकळा होतो आणि त्याला दुसऱ्या शिडीवर चढवता येते. तालमीच्या वेळी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून एखादा क्यू दोन टक्क्यांनी कमी-जास्त करून पाहणे, प्रयोगाआधी प्रत्येक दिवा चालतो की नाही हे तपासणे, बल्ब बदलल्यावर तो तिथल्या तिथे लावून पाहणे ही कामेही फोनवर सोपी होतात. मूव्हिंग हेडचे, म्हणजे मोटरने वळणाऱ्या दिव्याचे, पॅन-टिल्ट (आडवे-उभे वळणे) मात्र गुळगुळीत काचेवर बोट फिरवून सांभाळणे जिकिरीचे असते. कन्सोलच्या फिरत्या चकत्यांना तिथे पर्याय नाही.

संकेतांचा प्रवास

दिव्यांना मिळणारा संकेत बहुधा डीएमएक्स ५१२ या मानकातला असतो. अमेरिकेतील यूएसआयटीटी या संस्थेने ते १९८६ मध्ये तयार केले. एका केबलवरून ५१२ चॅनल जातात, प्रत्येकाचे मूल्य ० ते २५५ असते आणि पूर्ण संच सेकंदाला सुमारे ४४ वेळा पाठवता येतो. हा संकेत एकाच दिशेने जातो आणि तो बरोबर पोहोचला की नाही याची पावती परत येत नाही. पुढे तो संगणकाच्या नेटवर्कवरून नेण्यासाठी ब्रिटनमधील आर्टिस्टिक लायसन्स कंपनीने १९९८ मध्ये ‘आर्ट-नेट’ आणले. त्यानंतर ‘एसएसीएन’ हे अमेरिकी मानक आले. कन्सोलला नेटवर्कची खाच आली ती या वाटेने, आणि एकदा ती आल्यावर तिला राउटर जोडणे ही पुढची साधी पायरी होती.

रिमोट अ‍ॅप डीएमएक्सचे आकडे पाठवत नाही. ते ‘चॅनल १४ फुलवर ने’ किंवा ‘पुढचा क्यू दे’ असा हुकूम पाठवते. त्यासाठी अनेकदा ‘ओपन साउंड कंट्रोल’ ही भाषा वापरली जाते. ती १९९७ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संगीताच्या उपकरणांसाठी तयार झाली होती. हिशेब कन्सोल करतो आणि संकेत केबलने दिव्याकडे जातो. त्यामुळे मधेच फोन बंद पडला तरी मंचावरचा उजेड होता तसा राहतो.

दुसऱ्या जातीची अ‍ॅप्स स्वतःच आर्ट-नेट किंवा एसएसीएन सोडतात. त्यांत फोन हाच कन्सोल असतो. छोट्या कार्यक्रमाला हे पुरते, पण फोनचा पडदा लॉक झाला तर अ‍ॅप झोपते आणि संकेत थांबतो. एसएसीएनच्या नियमानुसार अडीच सेकंद काही आले नाही की तो स्रोत गेला असे मानले जाते. पुढे दिवे तसेच राहायचे की विझायचे, हे गेटवेच्या (नेटवर्कवरचा संकेत डीएमएक्समध्ये बदलणाऱ्या पेटीच्या) सेटिंगवर ठरते. खरा घोळ होतो तो कन्सोल आणि असे अ‍ॅप एकाच वेळी चालू राहिले की. गेटवे ‘एचटीपी’ म्हणजे ‘जास्त मूल्य जिंकते’ या पद्धतीवर असेल, तर फोनवर २५५ वर विसरलेला चॅनल कन्सोलवरून कितीही खाली ओढला तरी उतरत नाही. बोर्डवाला डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारे उपकरण) खराब समजून डिमरच्या रॅककडे धावतो आणि दोष असतो कोणाच्या तरी खिशात. एसएसीएनमध्ये स्रोतांना ० ते २०० असा अग्रक्रम देता येतो, नेहमीचा १०० असतो. फोनला त्याहून कमी अग्रक्रम दिला की हा वाद मिटतो.

प्रचलित अ‍ॅप्स

अमेरिकेतील ईटीसी कंपनीच्या ईऑस कन्सोलसाठी आयफोनवर ‘आयआरएफआर’ आणि अँड्रॉइडवर ‘एआरएफआर’ आहे. ब्रिटनच्या अ‍ॅव्होलाइट्सचे ‘टायटन रिमोट’ आणि चॅमसिसचे ‘मॅजिकक्यू रिमोट’ आहे. जर्मनीच्या एमए लायटिंगच्या ग्रँडएमए २ कन्सोलला फोनच्या ब्राउझरमधूनही लॉगिन करता येते. एका कंपनीचे अ‍ॅप दुसरीच्या कन्सोलला चालत नाही. चित्रीकरणात वेगळाच प्रकार रुळला आहे. अ‍ॅप्युचरसारख्या कंपन्यांचे एलईडी दिवे कन्सोलशिवाय थेट ब्लूटूथने फोनशी जोडले जातात.

जोडणी आणि तिच्यातल्या खोड्या

कन्सोलच्या नेटवर्कच्या खाचेतून केबल राउटरला जाते आणि फोन त्या राउटरच्या वाय-फायवर येतो. इंटरनेट लागत नाही. ‘अ‍ॅपला कन्सोल सापडत नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार असते आणि तिचे मूळ बहुधा आयपी पत्त्यात असते. ईटीसीच्या उपकरणांचे पत्ते सामान्यतः १०.१०१ने सुरू होतात, आर्ट-नेटची जुनी उपकरणे २ने सुरू होणारे पत्ते घेतात, तर दुकानातला साधा राउटर फोनला १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता देतो. सर्वांचे पत्ते एका गटात आणल्याशिवाय संवाद होत नाही. शिवाय कन्सोलमध्येही रिमोटची परवानगी वेगळी चालू करावी लागते.

फोनचेही नखरे असतात. या वाय-फायवर इंटरनेट नाही असे दिसताच अनेक अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून अ‍ॅपला स्थानिक नेटवर्कची परवानगी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारले तेव्हा घाईत ‘नको’ दाबले असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती शोधावी लागते. मोबाइल डेटाकडे वळणे थांबवण्यासाठी फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवणे हा दोन्ही फोनांवर कामी येणारा उपाय आहे. ऐन फोकसिंगमध्ये येणारे फोनही त्याने थांबतात.

रिकाम्या प्रेक्षागृहात झकास चाललेले वाय-फाय हाउसफुल्ल प्रयोगात अडखळते, यात नवल नाही. भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झालेल्या २.४ गीगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११. त्यातच शेकडो प्रेक्षकांचे फोन आणि ब्लूटूथ असते. माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषते, म्हणजे भरलेल्या खुर्च्यांची भिंतच उभी राहते. ५ गीगाहर्ट्‌झचा राउटर डोक्यांच्या वर, मंचाला समोरासमोर दिसेल असा बांधला की बरेच निभावते. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. कन्सोलचे आर्ट-नेट किंवा एसएसीएन त्याच राउटरमधून जात असेल, तर सर्वांना उद्देशून सोडलेला हा डेटा वाय-फायवर सर्वांत मंद वेगाने प्रसारित होतो आणि हवा व्यापून टाकतो. मग फोनवर बोट दाबल्यावर दिवा लागायला सेकंद-दीड सेकंद जातो. दिव्यांचा डेटा वाय-फायकडे जाऊच न देणे हा त्यावरचा इलाज आहे.

आर्ट-नेट, एसएसीएन किंवा ओपन साउंड कंट्रोल यांत मुळात पासवर्ड नाही. नेटवर्कमध्ये शिरलेला कोणीही ब्लॅकआउट करू शकतो. म्हणून राउटरला पक्का पासवर्ड हवा आणि तो चहा घेऊन येणाऱ्यापासून पाहुण्या बँडपर्यंत सर्वांना वाटायचा नसतो.

प्रयोगाचे क्यू फोनवरून देणे टाळलेलेच बरे. नट स्विचला हात लावतो आणि त्याच क्षणी खोली उजळते, अशा जागी अर्ध्या सेकंदाची चूकही प्रेक्षक हसून दाखवतो. आतषबाजी किंवा हलते नेपथ्य अशा, माणसाला इजा होऊ शकेल अशा गोष्टींसाठी तर डीएमएक्सच वापरू नये. त्यात चूक ओळखण्याची सोय नाही, त्यामुळे वायर की वायरलेस हा प्रश्नच तिथे गौण ठरतो.

मराठी रंगभूमीच्या संदर्भात

व्यावसायिक मराठी नाटकाला नाट्यगृह काही तासांसाठी मिळते. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात दुपारचा प्रयोग एका संस्थेचा आणि रात्रीचा दुसरीचा असणे नित्याचे आहे. मधल्या वेळात एक नेपथ्य उतरते, दुसरे चढते आणि त्यातच दिव्यांचे फोकसिंग उरकावे लागते. फोनचा फायदा इथे सर्वांत जास्त आहे, कारण वाचतात ती मिनिटे नेमकी याच फटीतली असतात. दौऱ्यावर मात्र जिथे अजून स्लायडरचे हाती बोर्ड आहेत, तिथे नेटवर्कची खाचच नसल्याने फोन जोडायला जागा नसते.

हौशी आणि प्रायोगिक मंडळींसाठी स्वस्त वाट ‘क्यूएलसी प्लस’ या मोफत सॉफ्टवेअरची आहे. लॅपटॉपला यूएसबी-डीएमएक्स कन्व्हर्टर लावायचा, सॉफ्टवेअर सुरू करतानाच वेबचा पर्याय चालू करायचा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता व पोर्ट ९९९९ टाकायचा. लॅपटॉपवर बनवलेली बटणे आणि स्लायडर फोनवर दिसू लागतात, वेगळे अ‍ॅप लागत नाही. एकांकिका स्पर्धेत तांत्रिक तालमीला मिळणाऱ्या मोजक्या वेळात एवढ्यावरही चारसहा एलईडी पार (डब्याच्या आकाराच्या साध्या) दिव्यांचे काम भागते, मात्र बटणे आणि चॅनलचे आकडे घरूनच लावून आणलेले असावे लागतात.